गणपतीचा कागद

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं. लग्न होऊन डोंबिवलीत आले, तर सासऱ्यांनी दोन महिन्यांत मला वर्कशॉपच्या ऑफिसात नेऊन बसवलं, "हिचं अक्षर बघा" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्याच अक्षरात मी सव्वीस वर्षं खोटं लिहीत आले. चुकून नव्हे, भोळेपणानेही नव्हे. दरवर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी, वर्कशॉपमध्ये जितकी माणसं तितके राजीनामे.

आता कोणी म्हणेल, हे तोंड वर करून सांगायचं कशाला? सांगणार. गेल्या काही महिन्यांत मला इतक्या जणांनी गप्प बसायला सांगितलंय की आता मुद्दाम सांगणार.

आमचं वर्कशॉप एमआयडीसीत आहे. प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा, गॅसच्या नळीचे वॉशर, मिक्सरच्या भांड्याखालची रबरं असला माल. रबर गरम साच्यात दाबणारे चार प्रेस, एक कटिंगचं टेबल, माणसं कधी बारा, कधी पंधरा. सध्या चौदा. सासऱ्यांनी सुरू केलं, मग माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या मोठ्या भावाने चालवलं. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. तेव्हा बँकेला कागदावर दुसरी सही हवी होती म्हणून भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, मला पार्टनर करून घेतलं. "तू फक्त सही कर, बाकी मी बघतो," असं म्हणाले होते. त्या 'फक्त सही'चा त्यांना पुढे इतका ताप होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

कामगार जवळजवळ सगळे कोकणातले. माणगाव, म्हसळा, खेड, गुहागर. राहायला मोहने, आंबिवली, टिटवाळा, दिवा. या माणसांना तुम्ही दिवाळीला कामावर बोलवा, एक मेला बोलवा, घरात लग्न असलं तरी हळदीच्या दिवशी अर्धा दिवस येऊन जातील. पण गणपतीला थांब म्हणालात तर प्रेस बंद करून तोंडावर चावी फेकून जातील. तिकिटं चार चार महिने आधी काढलेली असतात. बायकांनी गावच्या घरासाठी तोरणं, समया, वाती, सगळं पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. त्या दोन दिवसांत त्यांचं शरीर डोंबिवलीत असतं, एवढंच.

आणि नेमकं तेव्हाच आम्ही त्यांना ऑफिसात रांगेत उभं करायचो. बोनसचं पाकीट, अर्धा किलो पेढे आणि एक कागद. सगळे त्याला 'गणपतीचा कागद' म्हणायचे. रजेचा अर्ज असणार, असा सगळ्यांचा समज. लिहिलेलं असायचं ते असं: मी घरगुती कारणास्तव, स्वखुशीने नोकरी सोडत आहे, माझी कंपनीकडे कोणतीही मागणी राहिलेली नाही. पंधरा दिवसांनी माणूस गावाहून परत आला की दुसरा कागद: मला नव्याने कामावर घ्यावे ही विनंती. हातात पाकीट, डोक्यात गाडीची वेळ. वाचतंय कोण? सह्या पटापट व्हायच्या.

याला आमच्या गल्लीत 'ब्रेक देणे' म्हणतात. सलग पाच वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, म्हणून सलग होऊच द्यायची नाही. वीस वर्षं प्रेसवर उभा असलेला माणूस कागदावर सदैव अकरा महिन्यांचा. सासऱ्यांच्या आधीपासून गल्लीत ही पद्धत होती, अगदी दसऱ्याला मशीनला हार घालावा इतकी ती सवयीची झालेली. सुरुवातीला मी एकदाच विचारलेलं, "हे बरोबर आहे का हो?" सासरे म्हणाले, "सगळेच करतात." मीही लगेच गप्प बसले. माझ्या अक्षराचं कौतुक होत होतं ना!

या चौदांमध्ये एक बाई आहेत, त्यांना आम्ही सगळे काकी म्हणतो. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असून मीही म्हणते. मोहन्याला राहतात. नवरा तिथल्याच जुन्या कंपनीत होता, ती बंद पडल्यावर घर काकींच्या एकटीच्या पगारावर आलं. आमच्याकडे लागल्या त्या कटिंगवर, म्हणजे रिंगेच्या कडेचा जास्तीचा रबर कात्रीने कापायला. मग एकदा प्रेसवरचा माणूस आठवडाभर आलाच नाही, तेव्हा न विचारता प्रेसवर जाऊन उभ्या राहिल्या, त्या आजतागायत. बावीस वर्षं झाली. आता गुडघे बोलायला लागलेत. दोन वर्षांनी गावी जाऊन राहायचं म्हणतात. पीएफ नाही, पेन्शन नाही. गावी जाताना त्यांच्या हातात जे काही पडायचं ते या बावीस वर्षांचं, आणि ती बावीस वर्षं माझ्या अक्षरात दरवर्षी पुसलेली.

गेल्या नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले. आमच्या गल्लीत नुसती बोंबाबोंब. मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण लिहितो आता धंदा गुजरातला न्यायचा, दुसरा लिहितो आता आपल्याला मोकळं रान. दोघांनीही कायदा वाचलेला नव्हता. भाऊजी म्हणाले, ठाण्याला आपल्या कन्सल्टंटकडे जाऊ. माजिवड्याला त्याचं ऑफिस आहे, काचेच्या बिल्डिंगमध्ये. खाली फ्लायओव्हर, मेट्रोचं काम आणि हॉर्न, वर एसी आणि बिस्किटांची प्लेट.

कन्सल्टंट पस्तिशीचा, गोड बोलणारा. मी त्याला दोष देत नाही. आमच्या सोयीचं सांगायलाच आम्ही त्याला फी देत होतो. "टेन्शन घेऊ नका सर," तो म्हणाला, "तुमची माणसं वीसच्या आत आहेत. नव्या कायद्यात तुम्ही फॅक्टरीच नाही." भाऊजींचा चेहरा असा खुलला की बिस्कीट उचललं त्यांनी. मग तो पुढे सांगू लागला तसं ते बिस्कीट हातातच राहिलं. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागेल, जुन्यांनासुद्धा, आणि त्याला तीन महिन्यांची मुदत. चाळिशीच्या वरच्यांची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी, खर्च मालकाचा. माणूस सोडून गेला तर दोन दिवसांत हिशेब. राज्याचे नियम अजून पक्के व्हायचेत, पण तयारी ठेवा.

"पत्र म्हणजे? त्यात काय काय लिहायचं?" मी विचारलं.

"नाव, पद, पगार, रुजू झाल्याची तारीख. सिंपल आहे मॅडम. आणि खरं सांगू का, तुम्हाला गोल्डन चान्स आहे. सगळ्यांना आजच्या तारखेचं पत्र द्या, एक वर्षाच्या मुदतीचं. नव्या कायद्यात मुदतीच्या माणसाला एका वर्षानेही ग्रॅच्युइटी लागते, ती थोडीशी देऊन टाका. मागचं सगळं क्लीन."

"आणि काकींची बावीस वर्षं?"

"कोण काकी?"

भाऊजींनी सांगितलं. त्याने लॅपटॉपमध्ये आमची यादी उघडली, बोट खाली नेत थांबला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "रेकॉर्डप्रमाणे त्या गेल्या सप्टेंबरमध्ये लागल्यात."

मला हसू आलं. खरंच आलं, वाईट हसू. ते रेकॉर्ड मी लिहिलेलं होतं. मग तो भाऊजींकडे वळून आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ती राजीनाम्यांची जुनी फाईल मात्र आता ठेवू नका. एकेक कागद सुटा बघितला तर तुमच्या बाजूचा आहे. पण सगळे एकाखाली एक लावले, तर दर वर्षी तीच माणसं, तेच दिवस. कोर्टात कोणीही विचारेल की सगळेच दरवर्षी गणपतीला नोकरी कशी सोडतात."

परतीच्या वाटेवर कल्याण फाट्याला गाडी अडकली. पाऊण तास पुढे नाही, मागे नाही. तिथे आमची जुंपली. भाऊजी म्हणाले, "आपण त्यांना घरच्यासारखं वागवतो. काकींच्या मुलीच्या लग्नाला आपण सगळे गेलेलो. त्यांच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला मी स्वतः हॉस्पिटलात बसलेलो. हे कुठल्या कायद्यात आहे, सांग मला!"

हे खरं आहे. भाऊजी माणूस वाईट नाहीत, अडल्यानडल्याला धावून जातात. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. म्हटलं, "घरच्या माणसाकडून आपण दरवर्षी राजीनामा लिहून घेतो का, भाऊजी? मग माझ्याकडून का नाही घेतलात अजून?"

"अगं, एकाला तारीख दिली की चौदांना द्यावी लागेल. नवीन प्रेस घ्यायचाय मला. जुना कधी बंद पडेल सांगता येत नाही. उद्या वर्कशॉप बंद पडलं तर तुझे हे चौदा जण कुठे जातील?"

"प्रेस पुढच्या वर्षी घेऊ."

"धंदा काय असतो ते तुला कळत नाही."

"सव्वीस वर्षं तुमचे कागद लिहितेय. जेवढा कळायला हवा तेवढा कळतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातली ती फाईल उचलून पिशवीत घातली आणि घरी आणली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर काकींचे कागद काढून एकाखाली एक लावले. बावीस. पहिल्यावरची सही थरथरलेली, शाळेनंतर पहिल्यांदा पेन धरल्यासारखी. पुढे पुढे ठसठशीत. अक्षर मात्र सगळ्यांवर एकच, माझं, सुबक.

त्यातला एका वर्षाचा कागद हातात आला. त्या वर्षी काकींच्या सासूबाई वारल्या होत्या. सुतक, म्हणून गावी गणपती नव्हता, काकी गेल्याच नाहीत. सगळे गावाला, ऑर्डर अडलेली, म्हणून त्या एकट्या येऊन प्रेस चालवत होत्या. कागद मात्र सगळ्यांचा झाला तसा त्यांचाही झाला होता. चौथ्या दिवशी गरम साचा काढताना उजवा हात मनगटापर्यंत भाजला. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात न्यायचं तर कागदावर त्या कामावर हव्यात. कागदावर तर त्यांनी चार दिवसांपूर्वी स्वखुशीने नोकरी सोडलेली! मग स्टेशनजवळच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? भाऊजी म्हणाले, घरी कुकर उडाला. मी शेजारी उभी होते. कुकरच्या रिंगा बनवणारी माणसं आम्ही, आणि कुकर उडाला म्हणून सांगतोय! काकी काही बोलल्या नाहीत. वेदना होत असतील म्हणून बोलत नाहीत असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पैसे भाऊजींनीच भरले, दोन महिने घरी पगारही पोचवला, आणि आम्ही केवढे चांगले असं आम्हाला वाटलं.

माझी मला लाज वाटली. पण नुसती लाज वाटून घेत बसण्याइतकी मी गरीब गाय नाही. सोमवारी मी हजेरीची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. बावीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीच्या पानावर, शिमग्याच्या आधीच्या एका सोमवारपासून, काकींच्या नावापुढे पहिली हजेरी होती. मी ती तारीख लिहून घेतली. मग बाकी तेरा जणांच्याही.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर आमच्या शेजारच्या युनिटवाल्यांची बायको तिळगूळ हातावर ठेवता ठेवता म्हणते, "अगं, तू म्हणे सगळ्यांना खऱ्या तारखा देतेयस? आमचे हे म्हणत होते, वहिनी सगळ्या गल्लीची वाट लावणार."

"गल्लीची वाट लावायला मी काय डंपर आहे?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. तुमच्या कामगारांना मिळालं की आमचे मागतील."

"मागू देत की! त्यांचं असेल तर मागतील."

तिचं तोंड एवढंसं झालं. वाणाची वाटी तिने माझ्या हातात जवळजवळ आदळलीच. आजूबाजूच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. त्यातल्या चौघी तरी स्वतः युनिटच्या ऑफिसात बसतात, त्यांनीही असलेच कागद लिहिलेत, मला पक्कं ठाऊक आहे. एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही. मला बाहेर आल्यावर रडू आलं, रागाने. तशीच रिक्षा केली आणि ऑफिसला गेले.

त्याच आठवड्यात भाऊजींनी फाईल मागितली.

"फाईल कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"घेऊन ये. कंपनीची आहे ती."

"नाही आणणार. अक्षर माझं आहे."

"हे बघ, मी पत्रांवर सही करणार नाही."

"नका करू. माझी सही चालते. बँकेत सात वर्षं चालतेय, इथे का नाही चालणार?"

ते खुर्चीतून उठले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. बाहेर प्रेसचा आवाज होता, तरी कटिंगच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "तो असता तर तुला असं करू दिलं नसतं त्याने!" म्हणाले. नवऱ्याचं नाव काढलं की मी गप्प बसते हे त्यांना माहीत आहे. या वेळी नाही बसले. म्हटलं, "ते असते तर त्यांनाही हेच सांगितलं असतं. आणि भाऊजी, फाईल परत मागाल तर मी ती ठाण्याला लेबर ऑफिसात नेऊन ठेवेन. कोणी लिहिलं विचारलं तर पहिलं नाव माझं सांगेन. मला काय होईल ते होईल."

ते निघून गेले. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं. अजूनही तसंच आहे, आणि मला त्याचा त्रास होतो, उगाच कशाला खोटं बोलू? घरात सणावाराला एका पंगतीत बसणारी माणसं आम्ही. पण माघार घेतली नाही. मालक म्हणून मला कोणी विचारलं की या कायद्याने तुमचं काय गेलं, तर सांगते की खर्च वाढला, प्रेस लांबला, पोर्टलवर माहिती भरता भरता डोळे गेले, आणि मोठ्या कंपन्या आमचा माल घेऊन चार चार महिने पैसे देत नाहीत त्याबद्दल मात्र कोणी कायदा कडक करत नाही. ही माझी तक्रार आहे आणि ती मी करणार. पण पत्र द्यावं लागतं ही तक्रार कशी करू? माणूस कधीपासून माझ्याकडे राबतोय हे खरं लिहायला सांगितलंय, एवढंच.

पत्रं मराठीत टाइप करून घेतली. कन्सल्टंटच्या नमुन्यातली एक वर्षाची मुदत काढली. तारखा हजेरीच्या पुस्तकाप्रमाणे घातल्या. त्याला मेल केलं, तर त्याचा फोन आला, "मॅडम, मी लेखी सांगतो की हा माझा सल्ला नाही." म्हटलं, "लेखी द्याच. फाईलला लावते."

वाटपाच्या दिवशी मी पेढे आणले होते. आता सांगताना माझं मलाच हसू येतं. मनात केवढं काय काय रंगवलेलं! एकेक जण ऑफिसात आला, पत्र घेतलं. कोणी विचारलं यावर घराचं लोन होईल का, कोणी फोटो काढून लगेच बायकोला पाठवला. एकाने तर पाया पडायला वाकून मला संकोचात टाकलं. काकी शेवटी आल्या. प्रेसमध्ये माल लावलेला होता, तो निघेपर्यंत हलल्या नाहीत. हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

मी दार लावलं आणि म्हटलं, "काकी, बसा. आधी एक सांगायचंय. तो गणपतीचा कागद, तो रजेचा अर्ज नव्हता. राजीनामा होता तो. दरवर्षी मीच लिहायचे."

"माहितेय," काकी म्हणाल्या.

"काय?"

"तिसऱ्या वर्षी लाईनीत माझा नंबर शेवटी होता ना, तेव्हा वाचला सगळा. मला वाचता येतं वहिनी, हळू येतं. तुम्ही वाचायला वेळ कुठे द्यायचात?"

"मग सही का केलीत?"

"दुसऱ्या दिवशीची गाडी होती. घरी गणपती यायचा होता, पोरं वाट बघत होती. नाही म्हटलं असतं तर तुम्ही परत घेतलं असतं कामावर?" मग म्हणाल्या, "तुमच्याकडे बघितलं मी तेव्हा. म्हटलं, बाईमाणूस आहे, काहीतरी बोलेल. तुम्ही खाली मान घालून माझ्या पाकिटावर नाव लिहीत होतात."

मी पाणी प्यायले. दुसरं काय करणार होते? मी स्वतःला या गोष्टीतली धीट बाई समजत होते, दिराशी भांडलेली, गल्लीला न जुमानणारी. आणि समोर उभी असलेली बाई एकोणीस वर्षं सगळं माहीत असून, भाजलेला हात घेऊन, रोज सकाळी आठला येऊन माझ्या कुकरच्या रिंगा काढत होती. तिच्या पुढ्यात माझं भांडण काय मोठं?

मी पत्र पुढे केलं. "तारीख बघा. तुम्ही खरंच लागलात ती आहे. सलग धरलीय नोकरी, एकही ब्रेक नाही. खाली सही करा, झालं."

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. डोळे भरले असतील म्हणून मी मान दुसरीकडे वळवली, पण तसं काही नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि पदराच्या आत कमरेला खोचली.

"सही?"

"आज नाही. घरी नेते, नीट वाचते. उद्या करते."

"अहो, बरोबर आहे सगळं. मी स्वतः तपासलंय."

"असेल. तरी वाचते."

मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "पेढे नकोत," म्हणाल्या, आणि दार उघडून प्रेसकडे गेल्या. खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. म्हटलं, एवढं सगळं केलं, घरात वाईटपणा घेतला, आणि हिचा साधा विश्वास नाही? मग स्वतःलाच म्हटलं, कशाच्या जोरावर मागतेयस विश्वास, बये?

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना काकी ऑफिसात आल्या आणि टेबलावर पत्र ठेवलं. खाली सही होती. मी उचललं, तर कागद गुळगुळीत, शिक्का काळा. आमचा शिक्का निळा आहे.

"काकी, ही तर झेरॉक्स आहे."

"हां. ओरिजिनल घरी आहे, कपाटात. ते आता माझ्याकडेच राहणार. तुम्ही झेरॉक्स ठेवा."

"रेकॉर्डला शिक्क्याची प्रत लागते हो."

"मग दुसरी काढा, तिच्यावर पण करते सही." आवाज चढलेला नव्हता, रोज माल किती निघाला ते सांगतात तसंच सांगत होत्या. "आजवर माझे बावीस कागद तुमच्या कपाटात होते, वहिनी. त्यातला एक तरी माझ्या कामाला आला का?"

मी दुसरी प्रत काढली, शिक्का मारला आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेन घेतलं नाही. आधी चष्मा लावला. मग उभ्याउभ्याच, पहिल्या ओळीपासून, शब्दाखाली बोट सरकवत वाचायला लागल्या. आठचा भोंगा झाला. बाहेरून कोणीतरी "काकी, प्रेस चालू करू का?" असं ओरडलं. त्यांनी मान वर न करता हातानेच थांब म्हणून सांगितलं, आणि त्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत सगळे थांबले, मीसुद्धा.